कोनाड्यात राहिलेला शिंपला

कुंदाचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या एका दवाखान्यात बाकावर बसले होते. समोर मुंबईहून आलेलं एक जोडपं होतं. बाईंचा पाय घोट्यात मुरगळला होता आणि एक्स-रेची वाट बघता बघता त्या नवऱ्याला सांगत होत्या की आपली टोपी तिकडे खडकावरच राहिली. कुंदा आमच्या बेटाच्या फेरीतल्या लोकांना काठावर चहा-पोहे देते. तिने विचारलं, "रेखाताई, ते दोघं कुठं गेले काय कळलं का? कोनाड्यात त्यांचे दोन शिंपले राहिलेत. जमनामावशी परत गेली बेटावर त्यांना बघायला. पाणी भरलं आता." मी म्हटलं, "ते दोघं माझ्या समोर बसलेत." कुंदा फोन बंद न करताच धावत सुटली. ती होड्यांकडे धावत होती हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसती तिची धाप ऐकू येत होती... आणि मध्येच कुणाला तरी मारलेली हाक.

फेरी नेणाऱ्या जमनामावशी दुपारी सापडल्या. बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला, कालवांच्या खडकांच्या खाली, तिवरांच्या मुळांत. याला आता सहा आठवडे झाले. या काळात बऱ्याच जणांनी मला सांगितलं की समुद्राने नेलं, वय झालं होतं, ज्याची त्याची वेळ असते. असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. मी एक निरोप द्यायचा होता. तो दिला नाही. पोलिसांना मी हेच सांगितलं आणि इथेही हेच लिहिते आहे, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. फेरी त्या दिवसापासून बंद आहे. ती पुन्हा सुरू करा म्हणून तहसील कचेरीचं पत्र आलं आहे, राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या वाडीवाल्यांचं आलं आहे, आणि मुंबईच्या ज्या संस्थेने आम्हाला फलकांसाठी मदत केली तिचंही. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मावशींनीच लिहवून ठेवलं होतं. ते शेवटी सांगते.

मी डहाणू रोडला कचेरीच्या रस्त्यावर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. राहायला मसोलीला. लोक माझ्याकडे सातबारा, दाखले, प्रतिज्ञापत्रं असल्या कामांसाठी येतात. मावशी पहिल्यांदा आल्या त्या सकाळची विक्री आटपून. टोपली बाहेर पायरीवर ठेवली, पाय पायपुसण्यावर नीट पुसले आणि स्टुलावर बसल्या. साठी ओलांडलेली बाई, काटक, पायांवर कालवांच्या धारदार शिंपांनी कापल्याच्या पांढऱ्या रेघाच रेघा.

"बाय, अर्ज लिवून दे."

"कशाचा?"

"बेट दाखवायचा."

"कुणाला दाखवायचंय?"

"बघंल त्याला."

मी टायपिंग थांबवलं. खाडीच्या तोंडाशी एक छोटं बेट आहे, त्याला लोक नुसतं 'बेट' म्हणतात. सगळं फिरायला अर्धा तास पुरतो. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाणाचे दिवस असतात तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि सकाळचे दोन-अडीच तास तिथे चिखलातून, रेवेतून चालत जाता येतं. मावशींची सगळी हयात तिथे कालवं काढण्यात आणि मोसमात बोंबील सुकवण्यात गेली होती. अलीकडे मात्र चिकूच्या वाड्या बघायला आलेली माणसं ओहोटी दिसली की आपली आपण तिकडे चालू लागत. बाटल्या टाकत. गोड्या पाण्याच्या विहिरीत पाय धुवत. एकदा चौघं अडकली आणि खडकावर उभी राहून बोंबलत होती, त्यांना मावशींच्या दिराने होडीने आणलं. "येणार तर हायेतच," मावशी म्हणाल्या. "नको बोलून थांबत नाय कुणी. मग माझ्या मागून येऊ दे. माझ्या मागून आला की विहिरीत पाय घालायची हिंमत नाय व्हायची."

इतका सरळ विचार घेऊन माझ्या दुकानात फार थोडी माणसं येतात. मी अर्ज लिहून दिला. तो परत आला, कारण त्यात 'प्रकल्प' कुठला ते नव्हतं. मी पुन्हा लिहिला. यावेळी 'वारसा पदभ्रमण मार्ग' आणि 'शाश्वत पर्यटन' असे शब्द घातले, कारण कचेरीत कुठला कागद पुढे सरकतो हे मला ठाऊक आहे. वाचून दाखवला तेव्हा मावशींनी विचारलं, "शाश्वत म्हंजे?"

"टिकणारं."

"बेट टिकलेलंच हाय. आपलं काय ते बघ."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर उधाणाला मी त्यांच्याबरोबर बेटावर जात होते. मला चिखलाची आवड नाही आणि जुन्या दगडांचं वेडही नाही. पण काम हातात घेतलं की मला ते अर्धं सोडता येत नाही. मावशी पुढे आणि मी मागे वही घेऊन. कुठे थांबायचं, कुठे किती माणसं मावतात, कुठे सावली आहे, कुठे पाय घसरतो. विहीर, चुन्याची जुनी भट्टी, टेहळणीच्या चौकीची पडकी भिंत, देवीचा शेंदूर लावलेला दगड, आणि वलांडींच्या बांबूंसाठी खडकात पाडलेल्या भोकांची रांग. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचे मांडव. त्या भोकांशी मावशी दर वेळी थांबायच्या आणि बोटाने दाखवत सांगायच्या, ही आमची, ही दिराची, ही जाऊच्या माहेरची. मला वाटायचं यात बघण्यासारखं काय आहे. लोकांना मात्र भिंतीपेक्षा तीच भोकं आवडली. कुणाच्या आजीने हात लावलेली वस्तू समोर असली की माणसं गप्प होतात, हे मी तिथे पाहिलं.

संस्थेचे एक साहेब आराखडा घेऊन आले होते. काठापासून बेटापर्यंत दगडी पायवाट, भट्टीवर चढायला पायऱ्या, समुद्राकडे फोटो काढायचा कट्टा. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या साहेबाला सोडला तर पाण्यावर पण लादी बसवील." साहेब भले होते, हसले. मग मावशींनी त्यांना सकाळी सहाला बोलावलं, चिखलातून गुडघाभर चालवत नेलं आणलं, आणि परतल्यावर साहेबांनी स्वतःच आराखड्यातली पायवाट खोडली. फलकसुद्धा फक्त काठावर लागले. बेटावर एकही नाही. वाट दाखवायला बांबूच्या काठ्या रोवल्या, त्या दर पावसाळ्यानंतर मावशी बदलायच्या.

परवानगीच्या अर्जाला नियम जोडायचे होते. ते मावशींनी सांगितले आणि मी टाइप केले. एका फेरीत पंधरापेक्षा जास्त माणूस नाही. बेटावर चूल, दुकान, भोंगा काही नाही. विहिरीचं पाणी प्यायचं, त्यात उतरायचं नाही. चौथा नियम असा होता: जाणाऱ्या प्रत्येकाने काठावरच्या कोनाड्यात शिंपला ठेवावा, परतल्यावर स्वतःच्या हाताने पाण्यात टाकावा, आणि कोनाड्यात एकही शिंपला शिल्लक असेल तर पुढची फेरी निघणार नाही. पाचवा, पाणी भरलं तर परत यायची घाई करायची नाही, पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच थांबायचं.

चौथ्या नियमाबद्दल थोडं सांगायला हवं. काठावर काळ्या दगडांची एक जुनी भिंत उभी आहे. तिच्यात हातभर खोल कोनाडा आहे. कालवं काढायला जाणाऱ्या बायका पूर्वीपासून जाताना त्यात एकेक शिंपला ठेवत आल्या आहेत आणि आल्यावर तो टाकत आल्या आहेत. माणसं बोटाने मोजू नयेत असं त्या वस्तीत मानतात, मोजलं की एक कमी होतं. म्हणून मोजणी शिंपल्यांची. पाणी भरायच्या आधी जी शेवटची येईल तिने कोनाडा बघायचा. रिकामा असला तर सगळ्या घरी. नसला तर हाकाटी करायची.

मी म्हटलं, "आणि कुणी टाकायला विसरलं तर?"

"विसरायचं नाय."

"दुसऱ्या कुणी टाकला तर चालेल ना?"

तेव्हा त्यांनी आत्याची गोष्ट सांगितली. भाजीबद्दल बोलावं तशा आवाजात. मावशी आठ-नऊ वर्षांच्या असताना सणाच्या आदल्या दिवशी कुणीतरी काठ झाडला, भिंतीला हात फिरवला, कोनाड्यातली पानं, माती आणि दोन-चार शिंपले एकत्रच भरून पाण्यात टाकले. "पाणी भरायच्या टायमाला बघितलं तर कोनाडा मोकळा. सगळे घरी आले, असं बोलले. आत्या मागं राहिलेली, खडकात पाय अडकून. कुणी गेलाच नाय बघायला... कशाला जाईल?" तेव्हापासून ज्याचा शिंपला त्यानेच टाकायचा. फार तर त्याच्या घरच्याने. परक्याने हात लावायचा नाही.

हा नियम त्या किती खरा धरत होत्या ते मला लवकरच कळलं. एकदा बेटावरून परतल्यावर मला दुकान उघडायची घाई होती. मी काठावरून सरळ रिक्षात बसले आणि मसोलीला येऊन अंघोळ करून निघते तोच कुंदाच्या फोनवरून मावशींचा आवाज. "तुझा शिंपला राह्यला."

"मावशी, मी घरी आलेय. तुमच्याशी बोलतेय ना मी? टाका तुम्ही."

"माझ्या घरची नाय तू. ये."

"अहो, तुम्ही मला रिक्षात बसताना बघितलंत की."

"मी बघितलं. कोनाड्यानं नाय बघितलं."

मी गेले. चिडून गेले. पुन्हा रिक्षा केली, काठावर उतरले, शिंपला उचलला आणि पाण्यात फेकला. मावशी भिंतीला टेकून जाळ्याचा तुकडा शिवत बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "आता आलीस." कुंदा तोंडाला पदर लावून हसत होती. दुकानासमोर दोन माणसं तासभर ताटकळली होती ती वेगळीच. पुढे कितीतरी दिवस कुंदा मला बघितलं की विचारायची, "काय रेखाताई, आलात का अजून बेटावरच?"

फेरी सुरू झाली आणि चांगली चालली. थंडीच्या दिवसांत तर प्रत्येक उधाणाला पंधरा माणसं भरायची. मी पत्रक छापलं. त्यात पहिल्याच पानावर कोनाड्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'इथली आगळी परंपरा अनुभवा.' लोकांना ते फार आवडायचं. शिंपला ठेवताना एकमेकांचे फोटो काढायचे. परतल्यावर काही जण तो टाकायच्या ऐवजी आठवण म्हणून खिशात घालायचे, मग मावशी त्यांच्यासमोर हात पसरून उभ्या राहायच्या. एकदा एका मुलीने सगळ्यांचे शिंपले एकदम ओंजळीत घेऊन हौसेने पाण्यात उडवले, तेव्हा मावशींनी तिला असं झापलं की तिच्या आईने माझ्याकडे तक्रार केली. माझ्या डोक्यात आलं, हे असं चालायचं नाही. माणसं नव्या पद्धतीने मोजायला हवीत. मी फोनवर यादी ठेवायला लागले. जाताना नावापुढे एक खूण, आल्यावर दुसरी. काठावर उभं राहून मी खुणा करायचे आणि मावशी कोनाडा बघायच्या. दोन्ही नेहमी जुळायचं, त्यामुळे माझी खात्री झाली की माझी यादी हीच खरी मोजणी आणि शिंपले आता शोभेपुरते.

मावशींना मी तसं बोलूनही दाखवलं होतं, जरा गोड शब्दांत. त्या म्हणाल्या, "तुझा फोन भिजला की सांग." त्या स्वतः फोन बेटावर न्यायच्या नाहीत. "पाण्यात फोन काय करायचा, मासं थोडंच उचलणार हायेत," असं म्हणून घरी डब्यात ठेवून यायच्या. मी एक जलरोधक पिशवी आणून दिली होती. त्यात त्या तंबाखूची डबी ठेवत.

आता त्या सकाळबद्दल.

पुनवेनंतरचा तिसरा दिवस होता. चौदा माणसं. मावशींनी शेवटचा शिंपला आपला ठेवला आणि सगळे निघाले. आठच्या सुमाराला मी काठावर असताना मला त्या जोडप्यातल्या गृहस्थांचा फोन आला. बाकीचे भट्टीपाशी मावशींचं बोलणं ऐकत असताना हे दोघं समुद्राकडच्या खडकांवर फोटो काढायला गेले होते. बाई घसरल्या. पाय टेकवत नव्हता. तेवढ्यात तिथून एक छोटी होडी चालली होती, तिला त्यांनी हात केला आणि त्या माणसाने दोघांना घेतलं. "आम्ही बंदरावर येतोय, जरा रिक्षाचं बघाल का? आणि त्या मावशींना सांगा हं, आम्ही त्यांना न सांगताच निघालो." मी म्हटलं, "सांगते."

मी यादी उघडली आणि दोघांच्या नावांपुढे खूण केली. रिक्षावाल्याला फोन लावला. पोह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवत असलेल्या कुंदाला म्हटलं, "मी बंदरावर जाऊन येते." का ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, मी नेहमीच कुठे ना कुठे पळत असते. माझ्या डोक्यात पाय, एक्स-रे आणि रिक्षा एवढंच होतं. निरोप मावशींसाठी होता, मावशी यायला अजून अवकाश होता, आणि यादीत ते दोघं आलेले होते. कोनाडा तिथून वीस पावलांवर. शिंपल्यांना मी हात लावायचा नव्हता हे खरं, पण दोन शब्द कुंदाला सांगायला वीस पावलंही लागत नव्हती.

पुढचं मला कुंदाने सांगितलं. माणसं लांबत लांबत, दोघं-तिघं करत काठावर आली. मावशी सगळ्यांच्या मागून. प्रत्येकाने आपापला शिंपला टाकला. मावशींनी कोनाड्यात बघितलं. त्यांचा धरून तीन होते. त्यांनी विचारलं, कोण राहिलं? एकाने सांगितलं, ते फोटो काढणारे, खडकांवर होते शेवटी. कुंदाने म्हटलं, रेखाताईला फोन करू काय? मावशी म्हणाल्या, "कर. मी तवर बघून येते. वाटेतला चर भरायला वेळ हाय." कुंदाने फोन लावला तेव्हा मी दवाखान्यात त्या बाईंचं नाव-पत्ता लिहून देत होते. फोन वाजलेला मला कळला नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. चौथ्या वेळी मी उचलला.

त्यांनी आपला शिंपला कोनाड्यातच ठेवला, कारण त्या परत जात होत्या.

बेटावरच थांबल्या असत्या तर संध्याकाळच्या ओहोटीला आरामात आल्या असत्या. पाचवा नियम त्यांचाच. पण त्या वर थांबल्या नाहीत, खाली समुद्राकडच्या खडकांवर उतरल्या. तिथे लाटा थेट येतात आणि कालवं चाकूसारखी असतात. डोक्याला मागून मार होता. बाईंची टोपी त्याच खडकांवर राहिली होती, ती मागून कुणाला मिळाली नाही. मावशींना ती दिसली असेल का, तिच्यासाठी त्या उतरल्या असतील का, हे मला माहीत नाही. मी अंदाज करत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की त्या दोन माणसांना शोधत होत्या आणि ती दोन माणसं माझ्यासमोर बाकावर बसून चहा पीत होती. चहा मीच आणून दिला होता.

मावशींची एकुलती मुलगी वनिता तलासरीला दिलेली. अंगणवाडीत काम करते. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून चौथ्याच दिवशी मी स्वतः एसटीने गेले. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच. ती थापत राहिली. मग विचारलं, "पोलिसांना सांगितलंत?"

"हो."

"मग आता मला सांगून तुम्हाला हलकं व्हायचंय काय?"

तव्यावरची भाकरी तिने उलटली, काढली, दुसरी टाकली. निघताना तिने एक पिशवी हातात दिली. आत ती जलरोधक पिशवी होती, तंबाखूच्या डबीसकट. "ही तुमची," ती म्हणाली.

ते जोडपंही येऊन गेलं. बाईंच्या पायाला अजून पट्टा होता. कुंदाने त्यांना भिंतीपाशी नेलं आणि काय करायचं ते सांगितलं. दोघांनी आपापला शिंपला उचलून पाण्यात टाकला. गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्हाला मी सांगितलं होतं ना..." आणि थांबले. मी म्हटलं, "हो, सांगितलं होतंत." त्यांना तेवढंच ऐकायचं होतं आणि त्यांचा तो हक्क होता.

राहिला तो एक. मावशींचा. तो फक्त वनिता टाकू शकते. मी तिला निरोप पाठवला होता की शिंपला तिथे कायमचा राहिला तर उद्या कुणाची तरी मोजणी चुकेल, कोनाडा मोकळा व्हायला हवा. निरोप मीच पाठवावा याची मला लाज वाटली, पण मुद्दा खरा होता. ती आली. पुढच्या अमावास्येला सकाळच्या पहिल्या एसटीने तलासरीहून आली, भिंतीपाशी उभी राहिली, हात कोनाड्यात घातला. शिंपल्यावर हात ठेवला. मग हात तसाच रिकामा बाहेर काढला. "नाय. आज नाय," म्हणाली आणि कुंदाकडचा चहाही न घेता गेली. पुनवेला पुन्हा आली. पुन्हा तेच. परवाच्या अमावास्येला तिसऱ्यांदा येऊन गेली. यावेळी मात्र जाताना माझ्याकडे वळली. "तुमची फेरी अडलीय ना माझ्यामुळं?"

मी म्हटलं, "फेरी तुझ्या आईच्या नियमामुळे अडलीय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "पुढचं उधाण कधी?"

मी सांगितलं.

आता त्या पत्रांबद्दल. वाडीवाल्यांचं म्हणणं आहे की हंगाम वाया चालला, माणसं विचारतात, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला येणारी पुष्कळ जण बेटही बघून जातील, आणि जमनामावशींनाही हेच आवडलं असतं. संस्थेने सुचवलंय की कोनाड्यापाशी त्यांच्या नावाची पाटी लावावी, तो शिंपला काचेच्या पेटीत घालून तिथेच ठेवावा आणि फेरीची सुरुवात तिथून करावी. माझी एके काळची अक्कल मला त्या सूचनेत ओळखू आली. कचेरीच्या पत्रात फक्त एवढंच विचारलं आहे की फेरी बंद असण्याचं कारण कळवावं.

मी तिघांनाही एकच उत्तर टाइप केलं आहे. अर्जाला जोडलेल्या नियमांतला क्रमांक चार जसाच्या तसा उतरवला आणि खाली लिहिलं, 'सबब कळविण्यात येते की एक व्यक्ती अद्याप बेटावरून परतलेली नाही.' खाली सही माझी. कचेरीतल्या कारकुनाने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला आणि आवक शिक्का मारला.

फोनवरची यादी मी पुसून टाकली आहे. उधाणाचे दिवस आले की सकाळी दुकान उघडण्याआधी मसोलीहून रिक्षाने काठावर जाऊन येते. कुंदा आपली भांडी घासत असते, फार बोलत नाही. पूर्वीसारखी चिडवत तर नाहीच. मी कोनाड्यात बघते. शिंपला तिथे असतो. हात लावत नाही, मी त्यांच्या घरची नाही. पाणी भरून काठ्यांची शेवटची टोकं दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते, मग दुकानात येऊन शटर वर करते.